सरकारी मराठी हायस्कूलचा निकाल ५७.६९ टक्के. पोरीला आठवीत तिथंच घालू का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण हेडमास्तरांच्या घरी दूध आमचंच जातं.

थोरली पोरगी सातवी पास झाली. गावची सरकारी शाळा, मराठी माध्यम. हायस्कूल पण गावातच आहे, सरकारी, मराठी, चालत दहा मिनिटं. परवा एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, २०२५ चा निकाल लागला. बसले २६, पास १५. म्हणजे ५७.६९ टक्के. इकडं तालुक्याच्या गावी एका खासगी इंग्रजी शाळेनं स्टँडसमोर हा एवढा फ्लेक्स लावलाय, निकाल १०० टक्के, खाली ६२५ पैकी सहाशेच्या वर मार्क पडलेल्या पोरांचे फोटो.

बायको म्हणते तिकडं घाला. आई म्हणते पोर डोळ्यासमोर असू दे. मी सकाळी एकीला होय म्हणतो, रात्री दुसरीला. पोरीला विचारलं तर म्हणते, मैत्रिणी जातील तिकडं.

तर प्रश्न एवढाच आहे. ५७.६९ हा आकडा बघून शाळा वाईट म्हणायची का?

फ्लेक्सवाला
मी हेच काम करतो ओ. मे महिना म्हणजे आमची सुगी. १०० टक्केवालं डिझाइन कॉम्प्युटरात तयार असतंय, फक्त साल आणि फोटो बदलायचे. ५७ टक्क्याचा फ्लेक्स मात्र आजवर कुणी छापायला आला नाही.

निवृत्त_गणितवाला
मलप्रभाकाठ, आधी भागाकार करून घ्या. २६ पोरांच्या शाळेत एक पोर म्हणजे ३.८५ टक्के. एकाला ताप आला आणि पेपर बुडाला की तुमचा निकाल जवळपास चार टक्क्यांनी पडला. आणखी दोन पोरं निघाली असती तर ६५.३८ झाला असता. राज्याचा निकालच यंदा साठीत आहे. म्हणजे तुमच्या शाळेत आणि राज्यात अंतर आहे ते एक-दोन पोरांचं. त्यावर शाळेची जन्मपत्रिका मांडू नका.

दुसरं, वर्षांची तुलना करताना जपून. राज्याचा निकाल २०२३ ला ८३.८९ होता, २०२४ ला ७३.४० वर आला. एका वर्षात राज्यभरची पोरं मठ्ठ झाली नाहीत. २०२४ ला परीक्षा केंद्रात कॅमेरे बसले आणि ते थेट वरच्या ऑफिसातून बघायला लागले. त्यात ग्रेस मार्क वाढवून दिले म्हणून ७३ तरी दिसले. यंदा तो वाढीव ग्रेस काढला, खरं पाणी दिसलं. मी तीस वर्षं सुपरव्हिजन केलंय. खिडकीतून आत काय काय येत होतं ते सांगत बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

शाळेचे निदान पाच वर्षांचे आकडे घ्या. टक्के घेऊ नका. बसले किती, पास किती, गणितात गेले किती, कन्नडमध्ये गेले किती, असे घ्या.

सीमावासी_५६
मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता इकडं कानडी राज्यात ढकललं, तेव्हापासून मराठी शाळा सावत्र पोर. जागा रिकाम्या, परिपत्रकं कन्नडमध्ये, ट्रेनिंग कन्नडमध्ये. मराठी माध्यमाच्या गुरुजीनं कन्नडमध्ये प्रशिक्षण घ्यायचं आणि मराठीत शिकवायचं. निकाल कसा लागणार? २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. महाराष्ट्र मागतोय त्या ८६५ गावांतल्या शाळांची हीच गत.

चहा_कट
तिसऱ्याच प्रतिसादात सीमाप्रश्न. मी दुसऱ्यावर पैज लावली होती, चहा माझ्याकडं लागला.

शहापूरची_बाई
चहा_कट, हसायचं ते हसा, पण कन्नड परिपत्रकाचं ते खरं लिहिलंय. मी सरकारी मराठी हायस्कूलमध्ये शिकवते. शाळा सांगत नाही. आमच्याकडं परिपत्रक आलं की आधी शिपाई वाचतो, कारण स्टाफमध्ये त्याचंच कन्नड चांगलं.

पण मला वेगळं सांगायचंय. आकड्याच्या आधी वर्गात बसलंय कोण ते बघा. माझ्या मागच्या आठवीचं सांगते. २२ पोरं. सहा गवळी वाड्यांवरून यायची, रानातून चालत. पाऊस लागला की ओढा भरतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये ती शाळेत दिसतील तेव्हा खरं. चार पोरांचे आईबाप गोव्यात कामाला, पोरं आजीजवळ. आजीला वही दाखवली की ती म्हणते, अक्षर छान आहे बाळा. तीन पोरं वीटभट्टीवर आलेल्यांची, घरची भाषा कन्नड. शाळा जवळ म्हणून मराठी माध्यमात बसलेली. एक लमाणी, दोन घरी उर्दू बोलणारी. सरकारी नोकरदाराचं पोर एकही नाही. दुकानदाराचंही नाही. त्यांची सगळी सकाळी पिवळ्या व्हॅनमधून जातात.

त्यात आधीच गाळणी लागलेली असते. पाचवी झाली की एक-दोन हुशार पोरं मोरारजी देसाई निवासी शाळेची परीक्षा देऊन जातात. एखादं कोथळीच्या नवोदयला लागतं. आम्ही पेढे वाटतो, फोटो काढतो. आमच्याच शाळेतून शिकून गेलं म्हणून अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पण पाच वर्षांनी एसएसएलसीला ते पोर आमच्या नावावर नसतं. साय दुसऱ्याच्या पातेल्यात जाते आणि ताकाची टक्केवारी आमच्या नावावर छापून येते.

आणि आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवता येत नाही. आठवीला जोडाक्षर न येणारी पोरं येतात. तीन वर्षांत त्यांना बीजगणितापर्यंत न्यायचं असतं. त्यातला एक काठावर पास झाला की मला तो सहाशेवाल्याएवढाच मोठा वाटतो.

निपाणीची_नात
ताई, तुमचं लिखाण वाचून डोळे भरले, पण पूर्ण पटलं नाही. माझी आजी निपाणीत विड्या वळायची. आई पण. मी सरकारी शाळेत शिकले, तिसऱ्या बाकावर बसून. आमच्या वर्गात सगळ्याच विडी कामगारांच्या पोरी होत्या. निकाल चांगला लागायचा, कारण सायन्सचे सर संध्याकाळी सातपर्यंत थांबायचे. गरीब पोरं आहेत, घरी कुणी शिकलेलं नाही, हे कारण एकदा मान्य केलं की शाळेला विचारायचं काही उरत नाही. मग पोरांकडून अपेक्षा पण ठेवत नाहीत. गरिबाच्या पोराला ‘बिचारं’ म्हणणारा मास्तर मला नापास करणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

शहापूरची_बाई
निपाणीची_नात, बोचलं, पण बरोबर बोललीस. सातपर्यंत थांबणारे आमच्याकडंही आहेत. पण सायन्सचे सरच नसतील तर थांबणार कोण? आमची गणिताची जागा दोन वर्षं रिकामी. अतिथी शिक्षक मिळतो, तो शाळा सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यानं. तोवर ते तास पीटीचे सर घेतात. पोरं खूश, मी सोडून.

वडगाव_माग
१०० टक्केवाल्यांची गोष्ट ऐका. माझा भाचा असल्याच एका खासगी शाळेत. नाव कशाला घ्या. नववीला गणितात कच्चा. मार्चमध्ये आईबापाला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, पोराला ताण होतोय, तुम्ही टीसी घेऊन जा, आम्ही रिझल्ट चांगला लिहून देतो. त्याच्याबरोबर आणखी चार पोरं गेली. पाचही दहावीला सरकारी नाहीतर अनुदानित शाळेत बसली. त्या शाळेचा निकाल १०० टक्के, फ्लेक्स लागला. भाचा जिथं बसला तिथला कमी, कारण भाचा नापास. आता कुठली शाळा चांगली ते ठरवा.

निवृत्त_गणितवाला
वडगाव_माग, एका दगडात दोन शाळांचे आकडे बदलले. म्हणून म्हणतो, मलप्रभाकाठ, त्या फ्लेक्सवाल्या शाळेत आठवीला किती होते आणि तेच किती दहावीला बसले, एवढं विचारून या. बघा कुणी सांगतंय का.

फ्लेक्सवाला
सर, असं विचारायला गेला तर माझा धंदा बसंल की ओ.

एकवीसची_बॅच
आम्ही २०२१ वाले. कोरोनात दोन दिवसांत एसएसएलसी. एका दिवशी गणित-विज्ञान-समाज एकाच बैठकीत, दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषा. सगळं गोल काळं करायचं. जवळजवळ अख्खं राज्य पास. आजपण इंटरव्ह्यूत साल सांगितलं की समोरचा हसतोय. आमचा निकाल घेऊन कुठल्या शाळेची परीक्षा करू नका म्हणजे झालं.

चहा_कट
माझ्या चुलत भावानं त्या वर्षी विज्ञानात डोळे मिटून गोल केले. आता उद्यमबागला फौंड्रीत आहे, हाताखाली सहाजण. मी ८१ टक्केवाला, त्याच्याकडून उसने मागतो.

खासबागचा_बाळू
कन्नडवर कुणीच बोलंना. आमच्या येळी कन्नडमध्येच निम्मी पोरं उडायची. घरी मराठी, गल्लीत मराठी, शाळेत मराठी, आणि पेपरात एकदम कन्नडमधून शेतकऱ्याचं आत्मवृत्त. मला ‘गोत्तिल्ला’, म्हणजे ‘माहीत नाही’, सोडून काय येत नव्हतं. तेच लिहून आलो असतो तर निदान खरं तरी झालं असतं. आता बाजारात भाजी विकतोय, कन्नड फाडफाड बोलतोय. शाळेनं दहा वर्षांत शिकवलं नाही ते गिऱ्हाइकानं सहा महिन्यांत शिकवलं.

चिक्कोडी_रोड
ते तुमच्या खानापूर-बेळगावकडं. आमच्याकडं चिक्कोडी, अथणी, रायबागला पोर दोन्ही भाषा घेऊनच जन्मतंय. आईशी एक, बापाशी दुसरी, म्हशीशी दोन्ही. शिक्षण खात्यानंच एका जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केलेत, ते उगीच नाही. दोघांची तुलना दरवर्षी पेपरात येते. येताना त्यात कुणाच्या घरी कुठली भाषा, हे कुणी लिहीत नाही.

सीमावासी_५६
म्हणजे सक्ती बरोबर म्हणायची का आता? १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध लोकांनी गोळ्या झेलल्यात इथं.

शहापूरची_बाई
काका, त्याचा मान ठेवूनच सांगते. २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्याच शाळांत आलं आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून शिकवायला लागले. त्या वर्षी पहिलीत असलेली तुकडी मार्च २०२७ मध्ये एसएसएलसीला बसेल. मलप्रभाकाठ, तुमची मुलगी त्याच्या पुढच्या तुकडीतली. तिचं कन्नड बाळूभाऊंपेक्षा नक्की चांगलं असणार. तिला एकदा बसचा बोर्ड वाचायला सांगा. आमच्या आठवीतली पोरं आता मला वाचून दाखवतात. कायदा आवडो न आवडो, कन्नडचे १०० मार्क पेपरात आहेत, आणि तहसीलदार ऑफिसातला कागद पण कन्नडमध्येच असतो.

सीमावासी_५६
कागदावर मराठी पण द्या एवढंच मागणं आहे आमचं. बाकी पोरीनं कन्नड शिकू नये असं मी कधी म्हणालो? माझी नात शिकतेय. मला औषधाच्या चिठ्ठ्या तीच वाचून दाखवते.

खासबागचा_बाळू
काका आज मऊ झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जांबोटी_पावसाळी
मूळ प्रश्नाकडं येऊ का? आमच्या भागात एक गोष्ट बदललीय. जून २०२३ ला शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट. आधी पोरगी गावातल्या हायस्कूलला आणि पोरगा तालुक्याला, असं घरोघरी असायचं, कारण पास फक्त पोराचा परवडायचा. आता आमच्या गल्लीतल्या पाच पोरी आधारकार्ड दाखवून खानापूरला इंग्रजी माध्यमाला जातात. एक आई तर बरोबर जाते आणि बाजार करून येते. चांगलंच आहे, पण गावच्या हायस्कूलचा पट त्यामुळं आणखी उतरला. ज्या पोरी नियमित यायच्या, अभ्यास करायच्या, त्याच गेल्या. मागं राहिली ती मुलं, ज्यांना रोपलावणीला घरी ठेवतात.

आणि बस. शाळेच्या वेळेला एकच असते. दारात लोंबकळून जायचं. पावसात आमच्या घाटात झाड पडलं की तीही नाही. १०० टक्के निकालाच्या शाळेत ७० टक्के दिवस पोचली तर काय करणार?

निपाणीची_नात
हे मात्र पटलं. हजेरी हाच अर्धा निकाल.

दाखला_एक्सपर्ट
सगळे माध्यमावर भांडताय, कुणी पुढचं सांगितलंच नाही. राज्याच्या सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेत, ग्रामीण विद्यार्थ्यांना १५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत लागतात. सात वर्षं गावात काढली आणि आठवीला शहरात घातली की ते गेलं. इंजिनिअरिंगला चार लाखाची सीट आणि सरकारी सीट यातला फरक कधी कधी एवढ्याच गोष्टीचा असतो. तुमच्या तालुक्याचं गाव त्यात ग्रामीण धरतात की नाही, ते बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारून मगच टीसी काढा.

दुसरं. कन्नड माध्यमाला वेगळं आरक्षण आहे, ते मराठी माध्यमाला मिळत नाही. म्हणजे तो फायदा डोक्यातून काढा. पण महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांना प्रवेशात वेगळ्या जागा असतात. गाव ८६५ मध्ये पाहिजे आणि मातृभाषा मराठी असल्याचा कागद पाहिजे. मराठी शाळेचा दाखला तिथं कामाला येतो.

चहा_कट
दोन राज्यांचे फायदे घेणारा पहिला जिल्हा आपला. पण दोन्हीकडं दाखला एकाच नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात, अडकतो.

वडगाव_माग
+१. आणि सर्व्हर डाऊन.

एकवीसची_बॅच
पण पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सला सगळं इंग्रजीतच आहे ना? माझी मैत्रीण मराठीतून ९२ टक्के काढून गेली. पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये ११. रडून आर्ट्सला आली. आता बीए करतेय, बरी आहे. पण आठवीला इंग्रजी घेतलं असतं तर डॉक्टर झाली असती असं तिची आई अजून म्हणते.

शहापूरची_बाई
ही भीती खरी आहे, झाकून ठेवणार नाही. मी दहावीला विज्ञान शिकवताना फळ्यावर शब्द दोन्ही लिहिते, ‘त्वरण’ खाली ‘ॲक्सिलरेशन’. तेवढं केलं तरी पीयूसीत पोरं कमी बिचकतात. उलट आठवीला एकदम इंग्रजी माध्यमात टाकलेली पोरं पण बघितलीत. सातवीपर्यंत पुढं होऊन उत्तर देणारी पोर तिथं वर्षभर तोंड उघडत नाही.

फ्लेक्सवाला
बाई, एक विचारू का? राग येऊ देऊ नका. तुमची पोरं कुठं शिकतात?

शहापूरची_बाई
वाटच बघत होते. मुलगा इंग्रजी माध्यमात, खासगी. नवऱ्याचा हट्ट, आणि माझाही होता, आता नाही म्हणून काय उपयोग. तो घरी मराठी वाचत नाही. माझ्या वर्गातल्या गवळ्याच्या पोरीनं लिहिलेला निबंध मी घरी आणून त्याला वाचून दाखवते. आता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

खासबागचा_बाळू
शिव्या कसल्या घालायच्या ओ बाई. माझी दोन्ही पण तिकडंच. भाजी विकून फी भरूलालोय.

चहा_कट
म्हणजे धाग्यावर मराठी शाळेच्या बाजूनं बोलणारे बारा, आणि पोरं तिथं घालणारा अजून एकही नाही. मलप्रभाकाठ, लवकर या.

मलप्रभाकाठ
आलो. सगळं वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं. काल दूध घालायला गेलो तेव्हा धीर करून हेडमास्तरांना विचारलं, सर, रजिस्टर बघायला मिळंल का. वाटलं रागावतील. ते म्हणाले, बारा वर्षांत पहिला पालक विचारतोय, या शाळेत.

गणितवाल्या सरांनी सांगितल्यासारखं सगळं वहीत उतरवून आणलं. यंदा ११ नापास. त्यातले तीन एकेका पेपराला आलेच नाहीत. दोघं गोव्याला कामाला गेली, एकाच्या घरी मयत. सहा पोरं फक्त गणितात गेली. कन्नडमध्ये एकच. राहिलेलं एक बऱ्याच विषयांत. मागच्या वर्षी मार्चला २४ पैकी १५ पास होते. पण २०२४ पासून तीन परीक्षा घ्यायला लागले ना, दुसऱ्या परीक्षेत आणखी पाच निघाले, तिसरीत एक. म्हणजे २१ झाले. हे मला गावात राहून माहीत नव्हतं. पेपरात फक्त पहिल्या परीक्षेचा आकडा येतो.

गणिताच्या मास्तरांची जागा मागच्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत रिकामी होती. यंदा बदलीनं एक मॅडम आल्यात, गडहिंग्लजकडच्या माहेरच्या, मराठीतून शिकवणाऱ्या. टिकतील का ते माहीत नाही.

मग फ्लेक्सवाल्या शाळेत पण जाऊन आलो. आठवीला किती आणि दहावीला त्यातले किती, असं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी फीचा कागद दिला.

निवृत्त_गणितवाला
सहा पोरं फक्त गणितात! म्हणजे मास्तर वेळेवर असते आणि त्यातले निम्मे जरी निघाले असते तरी १८. ६९.२३ टक्के. तुमच्या शाळेचं दुखणं सापडलं. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगला जाता का कधी? जा. गणिताची जागा रिकामी पडली की त्याच आठवड्यात बीईओंना लेखी द्या, प्रत ठेवा, पोच घ्या. तोंडी सांगू नका.

निपाणीची_नात
आणि त्या मॅडमना विचारा, संध्याकाळी एक तास थांबाल का. पालकांनी विचारलं तर थांबतात. आमच्या सरांना माझ्या आजीनं विचारलं होतं. रोज थर्मासमधून चहा पाठवायची.

मलप्रभाकाठ
दूध आमच्याकडं आहेच. चहा होईल.

सध्या ठरलंय ते असं. पोरगी गावातच आठवीला. बायकोची अट आहे की इंग्रजीची शिकवणी लावायची, आणि नोव्हेंबरपर्यंत गणिताचा मास्तर जागेवर नसला तर नववीला हलवायची. आईनं अट ऐकली आणि म्हणाली, नोव्हेंबरात तर सुगी असते, तेव्हा कोण हलवतंय.

पोरीला सांगितलं तर तिनं पहिलं विचारलं, मग मला सायकल घेणार का. चालत दहा मिनिटं आहे म्हटलं, तर म्हणते, म्हणूनच.

दाखला_एक्सपर्ट
जात आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, शाळा सुरू झाली की नाडकचेरीत रांग लागते. नावाचं स्पेलिंग आधार आणि सातवीच्या टीसीत एकच आहे का बघा. कन्नडमध्ये नाव लिहिताना चूक होते, तिथं नीट लक्ष द्या.